उसनें संगीत आणि त्याचा परवाना

गतवर्षींच्या स्नेहसंमेलनास जे पालक उपस्थित होते, त्यांस इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांनीं तयार केलेला गांवच्या विहिरींचा लहानसा चित्रपट स्मरत असेल. अकरा मिनिटांच्या त्या चित्रपटांत सात जुन्या विहिरी, त्यांवरील मोटेच्या धांवा व थारोळीं, आणि एके काळीं तेथें पाणी भरणाऱ्या वृद्ध स्त्रियांच्या आठवणी होत्या. इ. स. १९७२ च्या दुष्काळांत रात्रीं दोन वाजतां विहिरीच्या तळाशीं उतरून वाटीवाटीनें हंडा कसा भरला, हें एका आजीबाईंनीं सांगितलें, तेव्हां मागच्या बाकांवरील मुलांनींसुद्धां चुळबूळ थांबविली होती.

हा चित्रपट पुढें इंटरनेटवर ठेवण्यांत आला. मुलांनीं त्यास पार्श्वसंगीत म्हणून एका गाजलेल्या बोलपटांतील गाणें मंद आवाजांत आरंभापासून शेवटपर्यंत जोडलें होतें. ज्या संकेतस्थळावर तो ठेवला होता, तेथील यंत्रानें तिसऱ्या दिवशीं तें गाणें ओळखलें आणि स्वामित्वहक्काचें कारण दाखवून चित्रपटाचा आवाजच बंद केला. गाणें गेलें, आणि गाण्याबरोबर आजीबाईंचा आवाजही गेला. त्यांचे चिरंजीव मस्कत येथें नोकरीस असतात. त्यांनीं आम्हांस दूरध्वनीवरून विचारलें, "सर, आईचे ओंठ हालतांना दिसतात, पण शब्द ऐकूं येत नाहीं. आमच्या यंत्रांत कांहीं बिघाड असेल काय?" त्यांचें यंत्र ठीक होतें. चूक आमची होती, आणि ती त्यांस समजावून सांगतांना आम्हांस मोठा संकोच वाटला.

त्या दिवसापासून आम्हीं ह्या विषयाचा जो थोडाबहुत अभ्यास केला, तो आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे. आम्ही कायदेपंडित नाहीं. परंतु शाळेंतील चित्रपट, नाटुकलीं व प्रदर्शनांतील देखावे यांस संगीत जोडण्याची हौस आतां घरोघरीं पोंचली आहे, आणि ज्याच्या हातीं फोन आहे तो प्रत्येक मुलगा एका परीनें प्रकाशक झाला आहे. तेव्हां प्रकाशकास जें ठाऊक असावें लागतें, त्यांतील थोडें त्यासही ठाऊक असणें जरूर आहे.

पहिला प्रश्न पालकांनींच विचारला. तेंच गाणें संमेलनांत वाजलें तेव्हां कोणीं हरकत घेतली नाहीं, मग इंटरनेटवरच तो अपराध कसा झाला? ह्याचें उत्तर आपल्या देशाच्या इ. स. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यांत आहे. कोणत्या कृत्यांनीं हक्काचा भंग होत नाहीं, ह्याची लांबलचक यादी त्याच्या ५२ व्या कलमांत दिली असून तींत शाळांस उपयोगी अशा दोन सवलती आहेत. शिकविण्याच्या ओघांत शिक्षकानें किंवा विद्यार्थ्यानें एखाद्या कृतीची प्रत केली, तर ती चालते. तसेंच शाळेच्या कार्यक्रमांत शिक्षक व विद्यार्थी यांनीं गाणें म्हटलें, नाटक केलें अथवा ध्वनिमुद्रिका लावली, आणि श्रोतृवर्ग शिक्षक, विद्यार्थी, त्यांचे पालक व शाळेच्या कार्याशीं संबंध असलेली मंडळी एवढाच असला, तर तेंही चालतें. म्हणजे कायद्यानें आम्हांस सभागृहाच्या दारापर्यंत मोकळीक दिली आहे. इंटरनेटवर ठेवलेल्या चित्रपटास दार नसतें. तो मस्कतच्या चिरंजीवांस दिसतो तसा वाटेल त्यास दिसतो, आणि तेथें ही सवलत कामीं येत नाहीं. 'शैक्षणिक उपयोगासाठीं' हे दोन शब्द चित्रपटाखालीं लिहिले म्हणजे सर्व दोष धुवून निघतात, अशी पुष्कळांची समजूत आहे. आमचीही होती. तिला आधार नाहीं.

दुसरी गोष्ट अशी कीं, गाण्यास एकच मालक असतो असें नाहीं. शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची आणि प्रत्यक्ष मुद्रण तिसऱ्याचें, असा प्रकार नेहमींचा आहे. 'संगीत स्वयंवर' हें नाटक घ्या. इ. स. १९१६ मध्यें रंगभूमीवर आलेल्या ह्या नाटकाचीं पदें कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचीं, चाली बसविल्या भास्करबुवा बखले यांनीं, आणि तबकड्यांवर आवाज आहे बालगंधर्वांचा. आपल्या कायद्यानें शब्द व चाल यांवरील हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर, पुढील वर्षाच्या आरंभापासून मोजून, ६० वर्षें टिकतो. ध्वनिमुद्रणावरील हक्क तें प्रसिद्ध झाल्यापासून, त्याच रीतीनें मोजून, ६० वर्षें. बखलेबुवा १९२२ सालीं वारले आणि खाडिलकर १९४८ सालीं. तेव्हां खाडिलकरांचे शब्द १ जानेवारी २००९ पासून सर्वांचे झाले. चाली त्यापूर्वींच झाल्या होत्या. बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्यांचींही ६० वर्षें उलटून गेलीं आहेत. परंतु तेंच पद एखाद्या गायकानें गेल्या वर्षीं गाऊन मुद्रित केलें असेल, तर शब्द मोकळे, चाल मोकळी, पण तें मुद्रण मोकळें नाहीं. मुलें येथें हमखास फसतात. गाणें जुनें आहे, मग घेण्यास हरकत काय, असें म्हणून जें हातीं लागेल तें उचलतात, आणि हातीं लागतें तें बहुधा नवेंच मुद्रण असतें.

(हीं ६० वर्षें पूर्वीं ५० होतीं. रवींद्रनाथ ठाकुर १९४१ सालीं वारले. त्यांच्या ग्रंथांवरील हक्क १९९१ च्या अखेरीस संपण्याच्या बेतांत असतां मुदत दहा वर्षांनीं वाढविण्यांत आली. एका कवीच्या निमित्तानें साऱ्या देशांतील गाण्यांस जास्तीचीं दहा वर्षें मिळालीं!)

आतां ज्या संगीताचा हक्क चालू आहे, परंतु कर्त्यानें आपण होऊन तें इतरांस वापरूं दिलें आहे, त्याकडे वळूं. अमेरिकेंत इ. स. २००१ मध्यें लॉरेन्स लेसिग ह्या कायद्याच्या प्राध्यापकांनीं सहकाऱ्यांसह 'क्रिएटिव्ह कॉमन्स' नांवाची संस्था स्थापिली, आणि २००२ च्या डिसेंबरांत तिनें आपले पहिले परवाने प्रसिद्ध केले. कॉमन्स हा शब्द इंग्लंडांतील गांवच्या सामायिक कुरणांवरून आला आहे. आपल्याकडे त्यास गायरान म्हणतात. गायरानांत गांवांतील कोणाचेंही गुरूं चरूं शकतें, पण म्हणून तेथें कोणीं कुंपण घालून कांदा लावूं म्हटल्यास गांव तें चालूं देत नाहीं. मुक्त परवान्याचेंही असेंच आहे. त्यानें कर्ता आपला हक्क सोडीत नाहीं. हक्क ठेवूनच, अमुक अटी पाळणाऱ्यास माझी कृति वापरण्यास परवानगी आहे, असें तो सर्व जगास एकदांच लिहून देतो. मग प्रत्येकानें त्याच्या दारीं जाऊन विचारण्याची गरज उरत नाहीं. अट मोडली कीं परवानगी संपली, आणि मग अशा संगीताचा वापर हा बोलपटांतील गाणें उचलण्यासारखाच ठरतो.

ह्या अटी चार इंग्रजी संक्षेपांनीं लिहितात. 'बी. वाय.' म्हणजे कर्त्याचें नांव द्या. 'एन्. सी.' म्हणजे धंद्यासाठीं वापरूं नका. 'एन्. डी.' म्हणजे कृतींत फेरफार करून ती प्रसिद्ध करूं नका. 'एस्. ए.' म्हणजे फेरफार करून जें नवें कराल, तेंही ह्याच परवान्यानें इतरांस द्या. ह्यांच्या जुळणीनें सहा परवाने होतात, आणि पहिली अट सहांतही असते. ह्यांशिवाय 'सी. सी. झीरो' नांवाचें एक पत्र आहे. त्यानें कर्ता कायद्यानें शक्य तितके सर्व हक्क सोडून देतो.

आमची फजिती 'एन्. डी.' मध्यें झाली. चित्रपटाचा आवाज परत मिळविण्यासाठीं मुलांनीं मोठ्या हौसेनें सतारीची एक सुंदर गत शोधून आणिली. तीवर 'बी. वाय.' व 'एन्. डी.' असा परवाना होता. गत जशीच्या तशी घेतली आहे, एक स्वरही बदलला नाहीं, मग फेरफार कसला, असा त्यांचा युक्तिवाद होता आणि आम्हांसही तो पटला होता. आमच्या गणिताच्या शिक्षकांनीं मात्र परवान्याचा मूळ मजकूर शेवटपर्यंत वाचला, आणि त्यांस त्यांत एक कलम सांपडलें. संगीत हलत्या चित्रांशीं वेळ जुळवून जोडलें, कीं तो नेहमीं फेरफारच समजला जातो, असा त्याचा आशय आहे. म्हणजे 'एन्. डी.' असलेलें संगीत वर्गांत ऐकवितां येईल, जसेंच्या तसें दुसऱ्यास देतांही येईल, परंतु चित्रपटाखालीं घालून तो चित्रपट प्रसिद्ध करितां येणार नाहीं.

ह्याच कलमामुळें 'एस्. ए.' चा अर्थही आम्हांस नव्यानें कळला. तसलें संगीत चित्रपटास जोडलें, तर आपला चित्रपटही त्याच परवान्यानें जगास द्यावा लागतो. मग उद्यां कोणीं आमच्या शाळेचें नांव देऊन आजीबाईंचें बोलणें कापून घेतलें व भलत्याच चित्रांत जोडलें, तर स्वामित्वहक्काच्या नात्यानें आम्हांस त्यास नको म्हणतां येणार नाहीं. कित्येक लोक 'एस्. ए.' हा सर्वांत उदार परवाना मानतात, आणि पुष्कळ बाबतींत तें खरेंही असेल. परंतु दुष्काळाची हकीकत आजीबाईंची होती. ती अशी सोडून देण्याचा अधिकार त्यांस न विचारतां आम्हीं आपल्याकडे घ्यावा, हें आम्हांस बरें वाटलें नाहीं.

'एन्. सी.' विषयीं इतकेंच सांगावयाचें कीं, तेथें वापरणारा कोण हें न पाहतां वापराचा हेतु पाहिला जातो. शाळा धंदा करीत नाहीं म्हणून तिचें सर्व कांहीं आपोआप बिनधंद्याचें ठरत नाहीं. वर्गांतील प्रकल्पास अडचण येऊं नये. पण इमारत निधीसाठीं तिकीट लावून चित्रपट दाखविला, किंवा इंटरनेटवर त्यास जाहिराती जोडून पैसे घेतले, तर वाद उत्पन्न होऊं शकतो. असा संशय असेल तेथें नुसत्या 'बी. वाय.' चेंच संगीत घ्यावें, असा आमचा सल्ला आहे.

परवाना देणारा हा मालकच असला पाहिजे, हें सांगावयास नको. तरी सांगतों, कारण इंटरनेटवर 'नो कॉपीराइट' अशी पाटी लावून बोलपटांतील गाणीं ठेवणारे पुष्कळ आहेत. शेजाऱ्याच्या मळ्यांतील ऊंस तिऱ्हाइतानें वाटला, म्हणून तो खाणाऱ्याचा होत नाहीं. 'रॉयल्टी-फ्री' ह्या शब्दाचाही अर्थ फुकट असा नव्हे. दर वापरामागें निराळें मोल द्यावें लागत नाहीं एवढाच तो अर्थ, आणि बाकीच्या अटी जो तो विक्रेता आपआपल्या परीनें ठरवितो.

जुनी चाल आणि नवें मुद्रण यांचा पेंच एका वादिकेनें कसा सोडविला, तें पाहण्यासारखें आहे. योहान सेबास्टिअन बाख हा जर्मन संगीतकार १७५० सालीं वारला. १७४१ सालीं छापली गेलेली 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' ही त्याची रचना केव्हांच सर्वांची झाली आहे. परंतु तिचीं आधुनिक मुद्रणें बहुधा कंपन्यांच्या हक्काचीं असतात. तेव्हां किमिको इशिझाका ह्या पियानोवादिकेनें, लोकांनीं इंटरनेटवरून दिलेल्या वर्गणीच्या बळावर, २०१२ च्या आरंभीं बर्लिन येथें ती रचना नव्यानें वाजवून मुद्रित केली, आणि त्याच वर्षीं मे महिन्यांत तें मुद्रण सी. सी. झीरोनें सर्वांस मोकळें करण्यांत आलें. तें आज कोणत्याही शाळेनें घ्यावें, कापावें, चित्रपटास जोडावें. कोणास विचारावयास नको. भातखंडे यांच्या क्रमिक पुस्तकांतील चिजांचें असें एखादें मुद्रण आपल्याकडील कोणी गुणी गायक करून मोकळें करील, तर मराठी शाळांवर त्याचे मोठे उपकार होतील. भातखंडे १९३६ सालीं वारले. त्यांच्या पुस्तकांची आडकाठी आतां उरलेली नाहीं.

नांव देण्याची अट सर्वांत सोपी, आणि तींतच सर्वाधिक हयगय होते. 'संगीत : इंटरनेटवरून साभार' असें लिहिलें कीं कर्तव्य संपलें, असें मुलांस वाटतें. हें म्हणजे भाजी बाजारांतून आणिली असें सांगण्यासारखें झालें. कोणाच्या शेतांतली, तें कळतच नाहीं. इ. स. १९०२ च्या नोव्हेंबरांत कलकत्त्यास गोहरजान यांचें गाणें प्रथम तबकडीवर घेतलें गेलें. गाणें संपतांच त्या इंग्रजींत मोठ्यानें आपलें नांव सांगत, आणि तें नांव त्या जुन्या तबकड्यांच्या शेवटीं आजही ऐकूं येतें. तबकड्या जर्मनींत हॅनोव्हर येथें तयार होत, आणि गाणारें कोण हें तेथील कारागिरांस त्यावरून कळे. आमच्या संतांनीं तर अभंगाच्या शेवटच्या चरणांतच आपलें नांव गुंफून ठेविलें. तें गाळूं म्हटलें तर अभंगच मोडतो. कर्त्याचें नांव कृतीपासून तुटूं नये ही काळजी फार जुनी आहे, आणि 'बी. वाय.' हीं दोन अक्षरें तीच काळजी घेतात.

चित्रपटाच्या शेवटीं काय लिहावें? रचनेचें नांव, कर्त्याचें नांव, ती कोठून घेतली तें ठिकाण, परवाना व त्याची आवृत्ति, आणि आपण गत कापली किंवा लांबविली असेल तर तसा उल्लेख. हें सर्व वाचतां येईल इतका वेळ पडद्यावर राहूं द्यावें. परवान्यांची चौथी आवृत्ति नोव्हेंबर २०१३ मध्यें निघाली. तींत एक दयाळू कलम आहे. एखादी अट चुकून मोडली आणि ती चूक ध्यानांत आल्यापासून ३० दिवसांच्या आंत दुरुस्त केली, तर गेलेली परवानगी आपोआप परत मिळते. सी. सी. झीरोच्या संगीतास नांव देण्याची सक्ति नाहीं. आमच्या शाळेंत मात्र तें द्यावयाचें, असें आम्हीं ठरविलें आहे. आणखी एक संवय लावून घ्यावी: संगीत घेतलें त्या दिवशींची तारीख व परवान्याचें पान वहींत टिपून ठेवावें. पुढें कर्त्यानें तें संगीत काढून घेतलें तरी एकदां दिलेली परवानगी जात नाहीं, पण ती मिळाली होती हें दाखवितां आलें पाहिजे.

असें संगीत कोठें मिळतें, हें मुलांस आमच्याहून अधिक ठाऊक आहे. 'फ्री म्युझिक आर्काइव्ह' हा संग्रह अमेरिकेंतील डब्ल्यू. एफ्. एम्. यू. ह्या नभोवाणी केंद्रानें २००९ सालीं सुरू केला. तेथें प्रत्येक गतीचा परवाना निराळा असतो, तो पाहून घ्यावा. केविन मॅक्लाउड ह्या संगीतकारानें आपल्या शेंकडों रचना 'बी. वाय.' नें दिल्या आहेत. 'विकिमीडिया कॉमन्स' ह्या संग्रहांत 'एन्. सी.' किंवा 'एन्. डी.' एवढ्याच परवान्याची कृति मुळीं स्वीकारीतच नाहींत, त्यामुळें नवशिक्यास तेथें धोका कमी.

परंतु आमच्या विहिरींच्या चित्रपटास ह्यांतील कांहींच लागलें नाहीं. सतारीची गत गेल्यावर मुलें हिरमुसलीं, आणि ज्या विद्यार्थ्यानें मूळ बोलपटाचें गाणें निवडलें होतें, तोच एके दिवशीं मधल्या सुटींत हार्मोनियम घेऊन बसला. त्याच्या जोडीस दुसरा एक ढोलकी घेऊन आला. चार दिवसांत त्यांनीं तीन मिनिटांची एक चाल बसविली व संगीताच्या खोलींत खिडक्या लावून ती फोनवर मुद्रित केली. मध्येंच एक पारवा घुमतो, तो तसाच ठेविला आहे.

ती चाल कोणत्या परवान्यानें द्यावी, ह्यावर वर्गांत दोन तास वाद झाला. मुलें अज्ञान असल्यामुळें त्यांच्या पालकांस बोलाविलें आणि दिलेला परवाना मागे घेतां येत नाहीं, हें त्यांस आधींच स्पष्ट सांगितलें. एका वडिलांनीं विचारलें, "उद्यां कोणीं माझ्या मुलाच्या चालीवर पैसे मिळविले तर?" प्रश्न रास्त होता. तसें नको असेल तर 'एन्. सी.' घालतां येईल, किंवा परवाना न देतां चाल आपल्यापाशीं ठेवतां येईल, असें आम्हीं सांगितलें. मुलानें नुसतें 'बी. वाय.' निवडलें. कोणीं पैसे मिळविले तरी चालेल, नांव मात्र आलें पाहिजे, असें तो म्हणाला. वडिलांनीं घरीं विचार करून दुसऱ्या दिवशीं संमतिपत्रावर सही केली. चित्रपट पुन्हां आवाजासह इंटरनेटवर गेला, आणि मस्कतहून चिरंजीवांचा निरोप आला कीं, दुष्काळाची ती हकीकत आईनें त्यांस कधीं सांगितलीच नव्हती.

ह्या गोष्टीस सहा महिने झाले असतील. दुसऱ्या तालुक्यांतील एका शाळेचा वृक्षारोपणाचा चित्रपट आमच्या मुलांनीं पाहिला आणि त्यांत पारव्यासकट आपलीच चाल ऐकिली. खालीं लिहिलें होतें, 'संगीत : इंटरनेटवरून साभार'. हार्मोनियम वाजविणारा विद्यार्थी त्या दिवशीं डबा न खातांच बसून राहिला. मग त्यानें व त्याच्या जोडीदारानें मिळून त्या शाळेच्या मुख्याध्यापकांस एक पत्र लिहिलें. त्यांत तक्रारीचा शब्द नव्हता. परवान्याची अट काय आहे तें लिहून, ३० दिवसांच्या कलमाचाही उल्लेख त्यांनीं केला होता. आठ दिवसांत उत्तर आलें, आणि चित्रपटाखालीं दोघांचींही नांवें आलीं. ढोलकी वाजविणाऱ्याच्या आडनांवांत मात्र एक अक्षर चुकलें आहे. तें दुरुस्त करण्याविषयींचें दुसरें पत्र हा अंक छापखान्यांत जात असतांना टपालांत पडलें आहे.